अक्का वल्हं शिकतात

सोनगीरहून सामान निघालं, त्या सकाळी भिकुबाईंनी पाटा आणि वरवंटा दोन गोधड्यांत गुंडाळला, त्यावर नाडा बांधला आणि टेम्पोवाल्याला बजावलं, "देवाचं आहे. पाय लावू नको, खाली ठेवू नको."

टेम्पोवाल्यानं ते गाठोडं कपाळाला लावून पुढच्या सीटवर ठेवलं. भिकुबाईंचे यजमान रुपचंद नाना गप्प राहिले, कारण पाटा आणायचा नाही असं मुलीनं, हेमांगीनं, आईला फोनवर तीनदा सांगितलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

हेमांगी एकुलती एक. बंदरातल्या एका कंपनीत नोकरीला होती. उरणच्या अलीकडे, खाडीच्या काठावर 'सागरांगण' नावाची नवी वसाहत झाली होती, तिथं सहाव्या मजल्यावर तिनं घर घेतलं होतं. वसाहतीचं वैशिष्ट्य असं की तिथं प्रत्येकाला नावेचं वेड होतं, निदान असायला हवं होतं. खाली स्वतःचा बोट क्लब होता, पाण्यावर तरंगता लाकडी धक्का होता, त्याला छोट्या वल्ह्याच्या नावा आणि चार मोठ्या इंजिनच्या बोटी बांधलेल्या असत. नाना एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते, धुळे डेपोला. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी घरात चार माणसं जमली की त्यांचा हात आपोआप खांद्यावरची बॅग चाचपायचा. आता म्हातारपणी दोघांनी आपल्याजवळ राहावं असं हेमांगी म्हणाली, आणि दोघं आले.

पहिल्या आठवड्यात अक्कांनी, म्हणजे भिकुबाईंनी, बाल्कनीत उभं राहून ऊन तपासलं. एप्रिल लागला होता. सोनगीरला या दिवसांत ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घालायचे, ओल्या कापडावर थापायचे, दुपारपर्यंत निम्मे वाळायचे. त्यांनी ज्वारी भिजत घातली. तीन दिवसांनी ती वाटून, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवली आणि बाल्कनीच्या रुंद कठड्यावर जुनं लुगडं पसरून बिबडे थापले. अकरा वाजता बेल वाजली.

दारात एक गृहस्थ उभे होते. पांढरी इस्त्रीची अर्धी चड्डी, पांढरा शर्ट, डोक्यावर सोनेरी दोरीची टोपी. वय पन्नाशीच्या आसपास.

"मी प्रेम पाटील. क्लबचा कमोडोर."

"कशाचे?" नानांनी कानामागे हात धरला.

"कमोडोर. बोट क्लबचा प्रमुख. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच." त्यांची मराठी एकदम घोटीव होती, प्रत्येक 'ण' जागच्या जागी. "मॅडम, बाल्कनीत वाळवण घालायला आपल्याकडे परवानगी नाही. खालून बघितलं की इमारत कशी दिसते, तुम्हीच सांगा."

"गच्चीवर घालू?"

"गच्चीवर सौरऊर्जेचे पॅनेल आहेत."

"खाली त्या लाकडी फळ्या आहेत ना पाण्यावर? चांगलं ऊन पडतं तिथं दिवसभर."

पाटील हसले. "तो धक्का आहे, मॅडम. फक्त वल्हेवर्ग पूर्ण केलेल्या सभासदांना तिथं जाता येतं. पण या की वर्गाला! तुमच्या धुळ्याकडे प्यायलाच पाणी नसतं म्हणतात, तुम्हाला तर जास्तच मजा येईल."

अक्कांनी दार लावलं आणि बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. नानांना ते बघणं ओळखीचं होतं.

नानांना हेही माहीत होतं की भिकुबाईंचे वडील तापीवर नाव चालवत. शिंदखेडा तालुक्यात, नदीकाठी. पूल व्हायच्या आधी सगळं गाव, बाजारची माणसं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्यांच्या नावेतून पलीकडे जायचं. वडिलांना ताप आला की बारा वर्षांची भिकू वल्हं मारायची. पहिल्यांदा मुलगी बघायला म्हणून नाना नदी ओलांडून गेले, तेव्हा त्यांना पलीकडे उतरवणारी पोरगीच नवरी आहे हे त्यांना घरात गेल्यावर कळलं होतं.

"सांगून टाक ना त्याला," नाना म्हणाले.

"कशाला? शिकवतोय ना, शिकू. आणि तुम्ही कुठं बोललात ना, तर हेमांगीला सांगेन तुमच्या गादीखाली तंबाखूची डबी आहे."

नानांनी तोंडाला कुलूप लावलं. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता साडीवर लाल जीवरक्षक जाकीट चढवून धक्क्यावर हजर झाल्या.

पुढचे तीन आठवडे नानांना फार जड गेले. त्यांची बायको वल्हं उलटं धरायची. नावेत पाय ठेवला की "पडले, पडले" करून पाटलांचा दंड पकडायची. "साहेब, ह्याला ब्रेक कुठं असतो?" असं तिनं विचारलं तेव्हा वर्गातली सगळी मंडळी हसली आणि धक्क्यावर बसलेल्या नानांना ठसका लागला. एकदा तर तिनं नाव जागच्या जागी अकरा वेळा गोल फिरवली. नानांनी मोजलं. नाव इतकी नेमकी गोल फिरवायला केवढा हात लागतो हे तिथं फक्त त्यांना समजत होतं, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

पाटील मात्र चिडत नसत. ते पुन्हा पहिल्यापासून सांगत. वल्हं कसं धरायचं, पाठ कशी ताठ ठेवायची, पाणी कसं मागे लोटायचं. मध्येच लिंबू सरबत आणून देत. अक्कांच्या तळहाताला फोड आला असेल म्हणून त्यांनी एकदा मलमाची ट्यूब आणली. तळहातावर फोड नव्हता, पण अक्कांनी ट्यूब घेतली.

"माणूस वाईट नाही," त्या त्या दिवशी घरी म्हणाल्या.

"मग आता सांग."

"आता तर मुळीच नाही. वाईट वाटेल त्याला."

शेवटी पाटलांचाही धीर सुटला. एका शनिवारी अक्कांनी वल्हं पाण्यात सोडून दिलं आणि ते वाहत गेलं, तेव्हा कमरेवर हात ठेवून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, पाण्यावर तरंगणारा तो तांबडा बोया दिसतोय? तिथपर्यंत तुम्ही एकटीनं नाव नेलीत आणि परत आणलीत, तर हा धक्का एक दिवस तुमचा. बिबडे घाला, नाहीतर गुऱ्हाळ लावा!"

"लिहून द्या," अक्का म्हणाल्या.

सगळे हसले. पाटलांनीही हसत हसत क्लबच्या वहीत लिहिलं, खाली सही केली. अक्कांनी ते ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

रविवारी सकाळी दहाला निम्मी वसाहत धक्क्यावर जमली. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी चहाचा थर्मास. हेमांगी शरमेनं थोडी मागे उभी होती, कारण आईनं तिलाही काही सांगितलं नव्हतं. नावेत पुढे अक्का बसल्या, मागे सुरक्षिततेसाठी पाटील. नानांनी सवयीनं "जाऊ द्या!" म्हणून दोनदा टिचकी वाजवली, आणि अक्कांनी पदर खोचून वल्हं पाण्यात घातलं.

नाव सरळ निघाली. नुसती सरळ नाही, सुसाट. पहिल्या दहा-बारा हातांत ती धक्क्यापासून इतकी लांब गेली की थर्मासवाल्यानं कपात ओतायचा चहा बुटावर ओतला. पाटील दोन्ही हातांनी नावेच्या कडा धरून बसले होते. बोया आला आणि मागे गेला.

"अक्का, झालं. वळा."

"कडेकडेनं जाऊन येते. लांबून बघू द्या की त्यांना."

खाडीत पुढं कांदळवनाचं एक बेट होतं. त्याच्या मागून एक अरुंद पाट जात होता. अक्का त्यात शिरल्या. त्यांना जवळजवळ चाळीस वर्षांनी हात मोकळे सापडले होते. वल्हं आत जाताना आवाज होत नव्हता, बाहेर येताना थेंब उडत नव्हता, आणि तोंडातल्या तोंडात त्या वडिलांसारखं काहीतरी गुणगुणत होत्या.

"अक्का, तुम्ही हे... कधी... ओहोटी लागली आहे, वळा!"

"मला नका शिकवू साहेब. तापीवर नाव चालवत होते मी, तुम्ही अर्ध्या चड्डीतच होता तेव्हा."

पाटील आताही अर्ध्या चड्डीतच होते हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. तापीचं पाणी एकाच दिशेनं जातं. ते निघून गेलं तरी मागून दुसरं येतं. हे पाणी नुसतंच निघून चाललं होतं. अक्कांनी वल्हं मारलं तर ते खाली काहीतरी मऊ लागलं. आणखी एकदा मारलं, तर वल्ह्याला काळा चिखल चिकटून आला. मग नाव हलकेच थांबली आणि किंचित कलंडून बसली, रवंथ करायला म्हैस बसते तशी.

"असं कसं?" अक्का म्हणाल्या. "आत्ता होतं ना पाणी इथं."

पाटलांनी बूट काढले, टोपी नीट केली आणि नाव ढकलायला खाली उतरले. पहिल्या पावलाला गुडघा गेला, दुसऱ्याला मांडी. खिशातला फोन चिखलात गेला, टोपी गेली, आणि घोटीव मराठी त्यांच्या पाठोपाठ गेली.

"मरी गऊ व माय!" कमोडोर ओरडले. "मना पाय रुतना! वढ ना, व अक्का, वढ!"

अक्कांच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. ही तर त्यांच्या सोनगीरची बोली.

"काय म्हंतस? परत एकदाव म्हन."

चिखलात उभे राहून पाटील लांब कुठेतरी बघू लागले.

"कोठला शे रे तू?"

मग बारीक आवाजात उत्तर आलं, "नरडानाना. नरडाण्याचा."

"म्हणजे आमच्याच शेजारचा! आणि वसाहतीत नाशिकचा म्हणून सांगतोस?"

"नाशिक साइड म्हणतो. खोटं नाही म्हणत अगदी."

अक्कांनी आधी वल्हं पुढे केलं, ते धरायला लावून पाटलांना वर ओढलं. जाळ्यातून मासा पडावा तसे ते चिखलासकट नावेत येऊन पडले. मग अक्का हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, पोट धरून, नाव हलेल इतक्या हसल्या. पाटील आधी रागानं बघत होते. मग तेही हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं.

भरती दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला लागेल, असं त्यांनी घड्याळ बघून सांगितलं. तोपर्यंत बसून राहण्यावाचून काही करता येत नव्हतं. आजूबाजूला चिखलातून छोटे खेकडे बाहेर येऊन या दोघांकडे डोळे वटारून बघत होते. अक्कांनी पिशवीतून बिबडे काढले, सोनगीरहून आणलेले मागच्या वर्षीचे, भाजलेले. पाटलांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"माझी आई घालते," ते म्हणाले. "पार्वताबाई नाव तिचं. लसूण जास्त टाकते."

"मग इथं का नाही आणलं तिला कधी?"

पाटलांनी चिखल लागलेल्या पायांकडे बघत सांगितलं. प्रेमराज बन्सीलाल पाटील हे त्यांचं पूर्ण नाव. मुंबईत पहिल्या नोकरीत त्यांनी साहेबाला फोनवर 'फाइल आठेच शे', म्हणजे इथेच आहे, असं म्हटलं होतं, आणि पुढचं वर्षभर कचेरीत सगळे त्यांना 'आठेच शे' म्हणत. मग त्यांनी आरशासमोर उभं राहून बोलणं बदललं. नाव अर्धं केलं. बोटींची हौस लावून घेतली, कारण बोटीतल्या माणसाला कुणी विचारत नाही की कुठून आला. आई मोठ्यानं बोलते. ती इथं लिफ्टमध्ये चार जणांसमोर बोलली तर काय, या भीतीनं इथं आल्यापासून तिला बोलावलं नव्हतं. तेच वर्षातून दोनदा जाऊन येत.

अक्कांना याची चेष्टा करावीशी वाटली नाही. त्या म्हणाल्या, "मीही तीन आठवडे तुला वेड्यात काढलं. एका वाक्याचा राग धरून. तू मलम आणून दिलंस त्या दिवशीच सांगायला हवं होतं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ते वल्हं वाहून गेलं ना, मी सोडलं होतं. राग आला?"

"नवीन होतं ते," प्रेमराज म्हणाले. "पण अकरा वेळा गोल फिरवलीत तेव्हा मला शंका आली होती. इतकं वाईट कुणालाच जमत नाही."

मग दोघांनी मिळून ठरवलं की परत गेल्यावर सांगायचं, हे सगळं मुद्दाम होतं. ओहोटीत अडकल्यावर काय करावं याचं प्रात्यक्षिक. प्रेमराज ते बोलून बघू लागले, "सभासदहो, आज आपण आपत्कालीन..." आणि अक्कांनी त्यांचा 'ण' तपासून पास केला.

भरती आली. नाव हळूच उचलली गेली. कांदळवनाला वळसा घालून दोघं धक्क्याजवळ आले तेव्हा सगळी वसाहत अजून तिथंच होती. खुर्च्या वाढल्या होत्या. तिथल्या एका मासेमारानं सांगितलं होतं की चिखल असेतो कोणतीही बोट आत जाणार नाही, माणसं सुखरूप आहेत, बसा. आणि मंडळी बसली होती. पाच तास बसायचं म्हणजे कुणीतरी बोलायला हवं होतं. नाना बोलले होते. तापी, बारा वर्षांची भिकू, सोयरीक जमवायला निघालेला तरुण कंडक्टर, सगळं. तंबाखूच्या डबीचंही त्यांनी आपण होऊन सांगून टाकलं होतं, म्हणजे बायकोच्या हातात काही उरू नये.

चिखलानं माखलेले प्रेमराज धक्क्यावर चढले आणि त्यांनी घसा साफ केला. "सभासदहो, आज आपण आपत्कालीन प्रात्यक्षिक..."

"सर," मागून एका बाईंनी विचारलं, "ते 'मरी गऊ' म्हणजे काय? पाण्यावरून अगदी स्पष्ट ऐकू आलं."

प्रेमराजांनी अक्कांकडे बघितलं. अक्का पदराची घडी घालण्यात गुंतल्या होत्या.

"आमच्याकडे म्हणतात," ते म्हणाले. "मेलो म्हणायला. आमच्याकडे म्हणजे नरडाण्याला. धुळे जिल्हा."

कुणी हसलं नाही. थर्मासवाल्यानं विचारलं, "मग तिकडे पाणी आहे की नाही नक्की?" आणि त्याचं उत्तर द्यायला नाना पुढे सरसावले, तेव्हा सगळे घाईघाईनं खुर्च्या उचलू लागले.

वहीतलं लिखाण अक्कांनी त्याच संध्याकाळी काढलं. एकटीनं न्यायची आणि परत आणायची, एवढंच त्यात होतं. किती वेळात, ते लिहिलेलं नव्हतं. प्रेमराजांनी वाद घातला नाही. फक्त अक्कांनी एक अट वाढवली: बिबड्यांना तिसरं माणूस लागतं, थापणारं, आणि ते नरडाण्याहून आणायचं.

पुढच्या शुक्रवारी प्रेमराजांच्या गाडीतून तिघं निघाले. नाशिक, मालेगाव, धुळे, आणि सोनगीरचा किल्ला दिसला तसे नाना दर मैलाला थांबा सांगू लागले. नरडाण्याच्या घरासमोर पार्वताबाई लिंबाखाली धान्य पाखडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात, बारीक, आवाज मात्र दूरच्या स्टेशनपर्यंत जाणारा.

"उना का तू? यंदा तर दोन येरा उना ना! नोकरी गई का?"

"नई माय. तुले लेवाले उनू." प्रेमराज दारातच उभं राहून म्हणाले, मोठ्यानं, शेजारचं घर ऐकेल असं. "मन्हासंगे चाल. समुंदर दखाडस तुले."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मुलाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग अक्कांना विचारलं, "ह्याले काय झाये?"

"खाडीना गारा लागना पायाले," अक्का म्हणाल्या. "आता बरा शे."

पार्वताबाईंनी तयारीला अर्धा तासही घेतला नाही. एक पिशवी, दोन लुगडी आणि लसणाची आख्खी माळ. गाडीत बसल्यावर त्यांनी नानांना दटावून खिडकीची जागा घेतली.

रविवारी धक्क्यावर सहा लुगडी पसरली. तरंगत्या फळ्यांवर बिबडे थापायचे म्हणजे हात आणि लाट यांचा मेळ बसवावा लागत होता. पहिले काही बिबडे देव्हाऱ्यातल्या खंडेरावाच्या टाकासारखे लांबट झाले. वर्गातल्या बायका आल्या, मग त्यांचे नवरे आले. हेमांगीनं बाही सारून पाट्यावर मिरची वाटली आणि हा पाटा कुठून आला हे विचारलं नाही. थर्मासवाला कच्च्या पिठाचा घास मागत दर दहा मिनिटांनी फिरत होता. इंजिनाची एक बोट जरा जोरात आली आणि कडेची रांग खाऱ्या पाण्यानं भिजली, तर पार्वताबाईंनी ती पुसून चाखली आणि म्हणाल्या की यंदा मीठ कमी पडलं होतंच.

दुपारी काम उरकल्यावर त्या धक्क्याच्या टोकाशी उभ्या राहून खाडी बघत होत्या.

"इतलं पानी," त्या म्हणाल्या. "आनी बठ्ठं खारं. काय कामनं?"

"बसतेस का नावेत?" प्रेमराजांनी विचारलं.

त्यांनी आईला लाल जाकीट घातलं. बंद आवळले. आई बसली, प्रेमराज वल्हं मारू लागले. अक्का काठावरून ओरडून सांगत होत्या, पाठ ताठ ठेव, पाणी मागे लोट. नाव बोयापर्यंत गेली, परत आली, आणि सगळा वेळ पार्वताबाई मुलाला गावातली सगळी बातमी सांगत होत्या, कोणाचं लग्न, कोणाची गाय, कोणाचं भांडण. पाण्यावरून ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. धक्क्यावरची माणसं मन लावून ऐकत होती. मागोमाग नाना ज्याला जेवढं समजत नव्हतं तेवढं समजावून सांगत होते.

उतरल्यावर जाकीट परत द्यायला पार्वताबाईंनी नकार दिला. मऊ आहे, पाठीला बरं वाटतं, म्हणाल्या. प्रेमराजांनी क्लबचा नियम सांगून बघितला. मग जाकीट घालूनच त्या अक्कांच्या घरी लिफ्टमधून वर गेल्या, आणि सहाव्या मजल्यापर्यंत चार अनोळखी माणसांना त्यांनी विचारून घेतलं की तुम्ही कोठले, घरी कोण कोण शे, आणि जेवले का.